मुक्कामाचं माझ्यावर सोड

३ ऑक्टोबर, गुरुवार

निर्णय झाला. डोंगरात जायचं. आठवडाभर, स्वतःच्या गाडीने.

कारण हिची प्रकृती. आई जूनमध्ये गेली. तिच्या अंथरुणाचं सगळं इतकी वर्षं हिनेच केलं. देखरेख अर्थात माझी होती. आता आई नाही, तर ही दिवसभर खुर्चीत नुसती बसून असते आणि रात्री छताकडे बघत पडते. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत, बाई थकल्यात, विश्रांती द्या. विश्रांती द्या म्हणजे कुठेतरी न्या. असं ते म्हणाले नाहीत, पण डॉक्टर लोक अर्धंच बोलतात, उरलेलं आपण समजायचं असतं.

जेवताना जाहीर केलं. गाडी मी चालवणार, रस्ता मी बघणार, मुक्कामाचं माझ्यावर सोड. तू फक्त बसायचं. ही म्हणाली, एकाच ठिकाणी राहता येईल का? मला हसू आलं. एकाच ठिकाणी राहायचं तर घर काय वाईट आहे? ही म्हणाली, घर वाईट नाही. आणि ताटं उचलायला लागली.

म्हणजे कबूल.

५ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर मोबाइलवर जागा बघतोय. डोळे चुरचुरतात. पण हे काम दुसऱ्या कुणाला जमणारं नाही.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. उभी हयात ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघण्यात गेली. दारावरचा ओरखडा बघून मी सांगतो, गाडी खांबाला घासली की शेजाऱ्याशी भांडण झालंय. ऑफिसात मला मागून ‘भिंग’ म्हणतात. कौतुकाने.

त्यापुढे हॉटेलांचे फोटो म्हणजे पोरखेळ. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला असला की समजावं, गादी वाईट आहे. खिडकीचा फोटो आहे पण खिडकीतून काय दिसतं त्याचा नाही, म्हणजे समोर भिंत. लोकांनी लिहिलेलंही वाचता आलं पाहिजे. ‘स्टाफ फार प्रेमळ’ म्हणजे गरम पाणी येत नाही. ‘निवांत परिसर’ म्हणजे जेवायला जवळपास काही नाही. ‘पुन्हा नक्की येऊ’ असं लिहिणारा मालकाचा साडू.

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, त्यामुळे इथलं सगळं तिला तिथून स्पष्ट दिसतं. म्हणाली, बाबा, आईला कुठेही न्या, पण फिरवू नका, झोपू द्या. मी म्हटलं, झोपायला डोंगर कशाला लागतो? ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. लहान आहे अजून.

धोरण ठरलं. पहिल्या रात्रीचंच बुकिंग करायचं. पुढचं जागेवर, डोळ्यांनी बघून. हात मोकळा पाहिजे. ज्याने आठही दिवसांचं आधी ठरवलं त्याने डोंगर बघितलाच नाही.

संकल्प: चिडायचं नाही. पहाटे निघायचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

निघेपर्यंत ऊन चढलं. दोष कुणाचाच नाही. टायरची हवा मी स्वतः तपासतो, आणि तपासताना एक व्हॉल्व्ह सैल झाला. पंक्चरवाला येईपर्यंत ही बॅगेवर बसून होती. तिला मी म्हटलं, बघ, सुट्टी सुरूसुद्धा झाली.

गाडीत बसल्या बसल्या हिने डोळे मिटले. प्रवासाचा आनंद घेण्याची तिची पद्धत. घाट लागल्यावर मी प्रत्येक वळणाला तिला उठवून दरी दाखवली. नाहीतर आणलं कशाला? ती म्हणायची, हो, छान आहे. आणि परत डोळे मिटायची. वळणं पुष्कळ होती.

संध्याकाळी मुक्कामी. फोटोत एक बाल्कनी होती आणि बाल्कनीपुढे खोल दरी. बाल्कनी खरी आहे. दरीही खरी आहे. फक्त बाल्कनी समोरच्या इमारतीची आहे. आमच्या खोलीतून ती बाल्कनी दिसते आणि त्या बाल्कनीतून दरी दिसते. मी फसलो असं म्हणता येणार नाही. फोटो मी बरोबर वाचला, मालकाने तो चुकीच्या बाजूने काढला.

त्या बाल्कनीत एक गृहस्थ बनियनवर दात घासत होते. त्यांनी आम्हाला हात केला. हिने उलट हात केला आणि पडदा ओढला. मग चपला न काढता पलंगावर आडवी झाली. मी खाली मॅनेजरशी बोलून आलो. तो म्हणाला, साहेब, बाल्कनी असं लिहिलंय, तुमची असं कुठे लिहिलंय? वर येऊन हिला म्हटलं, उद्या सकाळीच हलायचं. ही डोळे न उघडता म्हणाली, बरं आहे की हे, पडू द्या ना.

बरं आहे. इतक्या लांब आपण ‘बरं आहे’साठी आलेलो नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पाठ दुखते. क्लच जड झालाय.

आज वाटेत बऱ्याच जागा आत जाऊन बघितल्या. पद्धत ठरलेली. नळ सोडून बघायचा, गादी दाबून बघायची, खिडकी उघडून लावून बघायची, दाराची कडी. एका मॅनेजरने विचारलं, तुम्ही सरकारी खात्यातून आलात का? मी नाही म्हटलं नाही. चहा मिळाला. ही गाडीतच थांबली. पहिल्या दोन ठिकाणी उतरली होती, मग म्हणाली, तुम्ही बघून या. विश्वास बसला की माणूस असं करतो.

एक जागा चांगली होती, पण पार्किंगला उतार. दुसऱ्या जागेचं पार्किंग उत्तम होतं, सपाट, छप्पर असलेलं. खोल्या ओल्या. मला क्षणभर मोह झाला होता.

शेवटी नदीकाठची कुटी घेतली. लाकडी. पाण्याला अगदी लागून. फोटोत नदी दिसत होती, ऐकू येत नव्हती. फोटोची ही एक मर्यादा धरून चालावी लागेल. पलंगाखाली कुणीतरी ट्रकचं इंजिन चालू ठेवून निघून गेल्यासारखं वाटतं. मी हिला सांगितलं, याला व्हाइट नॉइज म्हणतात, लोक हे मुद्दाम डाउनलोड करून ऐकतात. ती काय म्हणाली ते नदीमुळे ऐकू आलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार

ही रात्रभर बसून होती असं ती म्हणते. मी झोपलो असल्यामुळे खात्री देता येत नाही.

चूक सुधारली. सकाळी निघून अजून वर आलो आणि पहिल्याच फटक्यात जागा मिळाली. एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर. वरची एक खोली देतात. पिवळ्या भिंती, जाड रजई, खिडकीत सफरचंदाचं झाड. नळाला गरम पाणी. नळ दोनदा सोडून बघितला. घरातल्या आजींनी आम्हाला सूप दिलं आणि काही एक न विचारता खाली निघून गेल्या.

हिने बॅग उघडली. कपडे काढून कपाटात लावले. गेल्या दोन ठिकाणी लावले नव्हते. टूथब्रश बेसिनवरच्या ग्लासात ठेवला. मग खिडकीशी उभी राहून म्हणाली, मला ही खोली आवडली.

आवडली. हे तिने आपणहून म्हटलं. मला फार बरं वाटलं. याचा अर्थ मी योग्य मार्गावर आहे. आता जरा जोर लावला तर याहून चांगली सापडेल.

खाली बसून सहज मोबाइल बघितला. इथून तासाभराच्या अंतरावर, अगदी माथ्यावर, एक लॉज आहे. रेटिंग जवळजवळ पूर्ण. फोटोत ढग खाली आणि खोली वर. टॉवेलचा हंस नाही. आज एकच खोली शिल्लक दाखवतात.

वर जाऊन हिला सांगितलं. ती पलंगाच्या काठावर बसली होती. म्हटलं, ही जर इतकी आवडली, तर ती किती आवडेल, विचार कर. ती उठली, ग्लासातला टूथब्रश काढला आणि रुमालात गुंडाळला.

तिचा समजूतदारपणा मला नेहमीच आवडत आलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

थोडक्यात लिहितो. हात दुखतायत.

माथ्याच्या रस्त्यावर दरड कोसळलेली. जेसीबी काम करत होता. खूप वेळ गाडीत बसलो. मग झेंडीवाला म्हणाला, आज काही सुटत नाही, उद्या बघा. गाडी वळवली. वळवताना मागचा बंपर कठड्याला लागला. किरकोळ. फोटो काढून ठेवला.

पिवळ्या खोलीकडे परत गेलो. वरच्या खिडकीत दिवा होता. खाली दुसरी गाडी उभी. आजी दारात आल्या, म्हणाल्या, अहो, तुम्ही गेलात ना. मागे ही गाडीतच होती. मी तिला म्हटलं, भरली. ती म्हणाली, दिसतंय.

अंधार पडत होता. पुढे काही मिळेना. शेवटी खाली फाट्यावरचा पेट्रोल पंप. पंपाच्या वर तीन खोल्या आहेत, ट्रक ड्रायव्हर उतरतात. पंपवाली एक बाई आहे, ठसठशीत, स्वेटरवर ॲप्रन. मी म्हटलं, खोली बघायला मिळेल का? ती म्हणाली, बघायचीय की राहायचंय?

एका माणसाची खाट, जमिनीवर एक गादी. खिडकीतून जुन्या टायरांचा ढीग. डिझेलचा वास. ट्रक येतात, हॉर्न देतात, जातात. नळ सोडून बघितला नाही. धैर्य झालं नाही.

हिला म्हटलं, फक्त आजची रात्र. माझं वाक्य संपायच्या आत ती झोपली होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मी जमिनीवर झोपलो. झोपलो म्हणजे पडलो.

सकाळी चांगली बातमी. रस्ता मोकळा झाला असं एक ड्रायव्हर सांगत होता. मी आवरून, गाडी पुसून तयार. ही उठेना. हाक मारली. हलवलं. ती म्हणाली, हं. आणि कूस बदलली. पंपवाली बाई चहाचा कप घेऊन आली होती. तिने कप दाराबाहेर स्टुलावर ठेवला, वर बशी झाकली आणि मला म्हणाली, झोपू द्या की त्यांना. मी म्हटलं, आम्हाला निघायचंय. ती म्हणाली, त्यांना निघायचंय असं दिसत नाही.

ग्राहकाशी बोलण्याची ही रीत नव्हे. रेटिंग देण्याची सोय असती तर दिलं असतं.

दुपार झाली. मी खाली बाकावर बसून दोन वेळा ऑम्लेट खाल्लं. शेवटी वर जाऊन हिला उठवलंच. तोंड सुजलेलं, केस विस्कटलेले. असा चेहरा मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. म्हणाली, तुम्ही जा.

मला वाटलं, खाली जा म्हणते. म्हटलं, कुठे जा? म्हणाली, वर. तुमच्या त्या लॉजवर. मी इथे राहते.

मी म्हटलं, इथे? टायरांत? म्हणाली, हो. मी म्हटलं, अगं पण इथे बघण्यासारखं काय आहे? म्हणाली, काही नाही. मग पायात चपला घालून माझ्याबरोबर खाली आली, डिकी उघडायला लावली, स्वतःची बॅग काढली आणि ओढत वर घेऊन गेली. बॅग मी उचलतो म्हटलं तर म्हणाली, राहू द्या, जमतंय मला.

आधी थोडा विचलित झालो. मग लक्षात आलं. तिचं म्हणणं असं की आधी मी जाऊन जागा पक्की करावी, सगळं नीट असेल तर मग ती येणार. आमच्या कामातही आधी प्राथमिक पाहणी असते, मग अंतिम. तिने ते बोलून दाखवलं नाही इतकंच. तीस वर्षांच्या सहवासाने थोडी सर्व्हेअर झालीये ती.

१३ ऑक्टोबर, रविवार

माथ्यावरचा लॉज. शेवटी माझंच खरं ठरलं.

जागा अप्रतिम. गादी अशी की दाबलेला हात सावकाश वर येतो. खिडकी भिंतभर. बाल्कनी आमची स्वतःची, खात्री करून घेतली. दोन आरामखुर्च्या. गरम पाणी इतकं की भाजलं.

दरी धुक्यात आहे. सकाळी धुकं, दुपारी धुकं. मॅनेजर म्हणाला, हेच ढग, साहेब. आपण ढगात आहोत. फोटो खालून काढला की ढग वर दिसतात, वरून काढला की खाली. आत असलं की असं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

जेवणाच्या हॉलमध्ये काल आल्या आल्या वेटरने दोन ताटं मांडली. मॅडम? म्हणाला. मी म्हटलं, येणार आहेत. रात्री पण दोन मांडली. सकाळी एक. या लोकांना चिकाटी नाही.

हिला फोटो पाठवले. गादीचा, खिडकीचा, दोन खुर्च्यांचा, धुक्याचे वेगवेगळे. पोहोचल्याची खूण आली नाही. फोन लावला तर बंद. मग पंपावरच्या फोनवर लावला. पंपवाली बाई म्हणाली, जेवल्या, परत झोपल्या, फोन त्यांनीच बंद करून ठेवलाय. मी म्हटलं, त्यांना सांगा की गादी फार चांगली आहे. ती म्हणाली, सांगते. तिच्या मागे कुणाचा तरी ट्रक रिव्हर्स घेत होता.

शेजारच्या बाल्कनीत एक म्हातारे नवरा-बायको. चहात साखर किती यावरून सकाळपासून त्यांचं चाललेलं. नवरा म्हणतो एक घातलीस, ती म्हणते दोन घातल्या. बराच वेळ ऐकत बसलो. करमणूक म्हणून.

उद्या जाऊन हिला घेऊन यावं. खोली दोन दिवस वाढवून ठेवलीये.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज मन जरा जड आहे. उंचीमुळे असेल.

सकाळी खाली उतरलो. ही पंपाच्या मागच्या अंगणात उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून पंपवालीबरोबर मटार सोलत होती. अंगात त्या बाईचा स्वेटर. दोघी कशाला तरी हसत होत्या. मी आल्यावर थांबल्या. हिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, गाडीत किती पेट्रोल घालायचं असं विचारतात ना, तसं. मग म्हणाली, खाल्लंत का काही?

मी सगळं वर्णन केलं. गादी, बाल्कनी, गरम पाणी. धुक्याबद्दल बोललो नाही, ते बदलू शकतं. ही ऐकत होती आणि शेंगा सोलत होती. माझं संपल्यावर म्हणाली, चांगलं झालं, तुम्हाला हवी तशी मिळाली. मी म्हटलं, आपल्याला. पंपवाली बाई उठून आत गेली. तिला तेवढी समज आहे.

मग ही बोलली. हिला इतकं सलग बोलताना ऐकायची मला सवय नाही, म्हणून आठवेल तसं लिहून ठेवतो. म्हणाली, अहो, मला काही बघायचं नाहीये. आईंचं केलं त्याची तक्रार नाही माझी, त्याही मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला उठायचे ना, त्या गेल्या तरी मला जाग येते. घरी येते. तुमच्या त्या बाल्कनीच्या खोलीत आली. नदीवर तर डोळाच लागला नाही, पाण्यात सारखं कुणीतरी बोलावतंय असं वाटत राहिलं. त्या पिवळ्या खोलीत कदाचित झोप लागली असती. आणि इथे लागली. का ते मला ठाऊक नाही. ट्रकवाले हॉर्न देतात, पण ते मला नसतात.

मी म्हटलं, मग माथ्यावर तर हॉर्नसुद्धा नाही. ती म्हणाली, तिथे तुम्ही आहात. दर वळणाला उठवाल.

हे ती थट्टेने म्हणाली. चेहरा थट्टेचा नव्हता, पण तिची थट्टा तशी असते.

विचारलं, किती दिवस राहायचं मग? म्हणाली, बाईंना विचारलंय, खोली मोकळी आहे. राहीन अजून थोडे दिवस. तुमची रजा संपली की तुम्ही निघा. मी म्हटलं, येणार कशी? म्हणाली, बसने. मी तिला बसमध्ये कुठल्या बाजूला बसावं, चाकावरची सीट का घेऊ नये, वाटेत कुठल्या स्टँडवर उतरू नये ते सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

परत माथ्यावर जायला निघालो तर क्लच गेला. गॅरेजवाला म्हणाला, उद्या दुपारी. पंपावरच्या बाकीच्या दोन्ही खोल्या ड्रायव्हर लोकांनी घेतलेल्या. हिच्या खोलीत जमिनीवर गादी आहे, पण हिने या म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. घोरतो मी. म्हणून गाडीतच.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

गाडीतला मुक्काम. निरपेक्षपणे लिहायचं तर: सीट पूर्ण मागे जाते. खिडक्या चार. व्ह्यू: डिझेलचा पंप, पलीकडे टायर. स्टाफ प्रेमळ. पहाटे पंपवालीने काचेवर टकटक करून चहा दिला. मान डावीकडे वळत नाही.

माथ्यावरची खोली रद्द केली. मॅनेजर फोनवर म्हणाला, साहेब, आत्ताच धुकं गेलं, समोर सगळं उघडलंय, मॅडमना घेऊन या. मी म्हटलं, बघतो.

गाडी दुरुस्त झाल्यावर निघालो. ही खाली आली होती निरोप द्यायला. म्हणाली, सावकाश जा. मी काच खाली करून विचारलं, काही हवंय का? तिने खरोखर विचार केला. मग म्हणाली, नाही.

उतरताना एका वळणावर दरी फार सुंदर दिसली. सवयीने डावीकडे बघायला गेलो. मान वळली नाही ते बरंच झालं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिस. सगळ्यांनी विचारलं, कशी झाली ट्रिप? मी म्हटलं, फर्स्ट क्लास, मुक्कामाच्या जागा एकसे एक. धुक्याचे फोटो दाखवले. टायपिस्ट बाई म्हणाल्या, यात वहिनी कुठे आहेत? मी म्हटलं, फोटो त्याच काढतायत. कॅशियर म्हणाला, मग तुम्ही कुठे आहात? धुक्यात, म्हटलं.

घरी दूध उतू गेलं. भात लागला. याची सवय करायची नाही, तात्पुरतं आहे.

मुलीचा फोन. आई म्हणे तिच्याशी अर्धा तास बोलली. माझ्याशी बोलली त्यात मी जास्त बोललो. मुलगी म्हणाली, बाबा, आईचा आवाज किती वेगळा येतोय. मी म्हटलं, जागा मीच निवडली होती. हे खरं आहे. बाकी सगळीकडून मी तिला बाहेर काढलं नसतं तर ती तिथे पोहोचलीच नसती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पंपावर फोन. ही होती. म्हटलं, कधी येतेस? म्हणाली, ठरवलं नाही अजून. म्हटलं, अंदाजे? म्हणाली, ठरलं की सांगते. आवाजात राग नव्हता. तेच जरा अवघड आहे. राग असला की माणसाला निदान समजूत काढता येते.

दिवसभर विचार करून संकल्प केला. ती येईपर्यंत घरातच तिच्यासाठी विश्रांतीची जागा तयार करायची. आईची खोली रिकामी पडलीये. पूर्वेची खिडकी, संडास-बाथरूम लागून. भिंतींना पिवळा रंग. जाड रजई. मग कशाला जाईल कुणी पंपावर?

मात्र आधी पाहणी. स्वतः बघितल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही, हे माझं तत्त्व.

२१ ऑक्टोबर, सोमवार

काल पाहणी केली. खोलीत आईचा पलंग आहे, त्याला लागून हिची खाट. आईच्या शेवटच्या वर्षांत ही त्या खाटेवरच झोपायची. मी तिथे कधी पडलो नव्हतो. कारण पडलं नव्हतं.

झोप झाली नाही. निष्कर्ष खालीलप्रमाणे.

खाट अरुंद. उताणं झोपलं तर एक हात बाहेर लोंबतो. पलंगाकडच्या बाजूला खाटेला मोठा खळगा पडलाय, माणूस आपोआप त्या बाजूला घरंगळतो आणि तोंड आईच्या पलंगाकडे होतं. दुसरीकडे वळून बघितलं, जमत नाही. दिव्याचं बटण झोपल्या झोपल्या हाताला येतं, त्याच्याभोवती भिंतीचा रंग उडालाय. आमच्या बेडरूमच्या दाराखालची फट इथून बरोबर समोर दिसते. आत पंखा फिरत असला तर तोही ऐकू येतो. मी पंखा चालू ठेवून आलो होतो, म्हणून कळलं.

खळगा कशाने पडला याचा विचार करत पडलो होतो. आघाताची खूण नाही. एकाच जागी रोज वजन, वर्षानुवर्षं. आमच्या भाषेत याला वेअर अँड टेअर म्हणतात. अपघात असेल तर नुकसान धरता येतं, झीज पॉलिसीत बसत नाही. मी स्वतः अशा कितीतरी गाड्यांचे क्लेम नामंजूर केलेत.

शिफारस: खोली मुक्कामास योग्य नाही. रंगाने भागणार नाही.

सकाळी पंपावर फोन केला. पंपवाली बाई म्हणाली, झोपल्यात, उठवू का? मी म्हटलं, नको. काही निरोप? म्हटलं, नाही, सहज केला होता.

ऑफिसला उशीर झाला. डावा खांदा दुखतोय.